पाटी कोरी करण्याचा इतिहास

मागच्या व्याख्यानात आपण ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीचं वाटप कसं करते ते पाहिलं. आजचा विषय त्याच्या शेजारचाच आहे, पण त्याकडे कोणी फारसं बघत नाही: मेमरी पुसणे, म्हणजे तिच्यात शून्यं भरणे. ऐकायला हे मोलकरणीचं काम वाटेल. प्रत्यक्षात गेली पन्नास वर्षं उत्तमोत्तम प्रोग्रॅमर या चार ओळींच्या कामावर डोकं खपवत आले आहेत. का, ते आज पाहू.

आधी हे पुसायचं कशासाठी? कारणं दोन. पहिलं सी भाषेचं. ज्या ग्लोबल व्हेरिएबलला तुम्ही काही किंमत दिलेली नाही, ते शून्य असलं पाहिजे, असा तिथे नियम आहे. दुसरं कारण जास्त गंभीर. समजा, एका प्रोग्रॅमने मेमरीच्या एका पानावर तुमचा पासवर्ड ठेवला आणि तो प्रोग्रॅम संपला. कर्नेलने तेच पान न पुसता दुसऱ्या कोणाच्या प्रोग्रॅमला दिलं, तर त्याला काही फोडावं लागत नाही की चोरावं लागत नाही, नुसतं वाचायचं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८३ मध्ये संगणकांच्या सुरक्षिततेचे निकष काढले. नारिंगी मुखपृष्ठामुळे ते 'ऑरेंज बुक' म्हणून ओळखले जातात. त्यात सी-२ या वर्गापासून एक अट आहे: एकाने वापरलेली जागा दुसऱ्याला देताना जुन्या मजकुराचा मागमूस राहता कामा नये.

पण ही अट लिहिली जाण्याच्या आधीपासून युनिक्स हे काम करत होतं. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत 'क्लिअरसेग' नावाचं एक छोटं रूटीन आहे. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या जॉन लायन्स यांनी त्या आवृत्तीवर विद्यार्थ्यांसाठी टीका लिहिली, त्यामुळे पुढच्या पिढ्यांनी ते वाचलं. पीडीपी-११ यंत्रावर कर्नेलला दुसऱ्याच्या जागेत थेट लिहिता येत नसे. म्हणून स्टॅकवर एक शून्य ठेवायचं, मग खास इन्स्ट्रक्शनने ते पलीकडच्या जागेत टाकायचं, आणि असं ३२ वेळा. एका फेरीत ६४ बाइट साफ. नवीन प्रोग्रॅम सुरू होताना कर्नेल त्याच्या डेटाचा आणि स्टॅकचा एकेक तुकडा असा पुसून देई.

पुढचं यंत्र व्हॅक्स, १९७७ चं. तिथे चित्र पालटलं. 'मूव्हसी-५' या एकाच इन्स्ट्रक्शनला सांगायचं: मूळ मजकुराची लांबी शून्य, उरलेली जागा शून्याने भर. प्रोसेसरमधला मायक्रोकोड सगळी फेरी स्वतः मारत असे. बर्कलीच्या युनिक्समध्ये १९७९ साली व्हर्च्युअल मेमरी आली, तेव्हा आणखी एक शहाणपण आलं: मागितल्याबरोबर पान द्यायचंच नाही. प्रोग्रॅमने त्याला पहिल्यांदा हात लावला की मग पुसून द्यायचं. न वापरलेल्या पानावरची मेहनत वाचली. पण आता प्रोग्रॅम पहिला हात लावतो आणि थांबून राहतो, कारण कर्नेल पाटी पुसतोय! त्यामुळे पुसण्याचा वेग एकदम महत्त्वाचा झाला.

इथून पुढे गोष्ट कॅशची आहे. कॅश म्हणजे रोकड नव्हे, प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी. तिची एक सवय आहे: तुम्ही एखाद्या जागी लिहायला गेलात की ती आधी तिथला जुना मजकूर मुख्य मेमरीतून वाचून आणते. तुम्हाला फक्त दोन बाइट बदलायचे असतील, तर ते बरोबरच आहे. पण सगळंच शून्य करायचं असताना जुनं वाचून आणणं म्हणजे फेकायचा कचरा आधी निवडत बसण्यासारखं.

आयबीएमच्या पॉवर आणि नंतरच्या पॉवरपीसी प्रोसेसरांनी यावर उपाय दिला. पॉवरपीसीत त्या इन्स्ट्रक्शनचं नाव 'डीसीबीझेड'. ती कॅशची एक अख्खी ओळ न वाचताच शून्य करते. झकास! मात्र ओळीची लांबी किती? अॅपलच्या जी-३ आणि जी-४ यंत्रांत ती ३२ बाइट होती, आणि अनेकांनी ३२ हा आकडा आपल्या प्रोग्रॅममध्ये कायमचा कोरून टाकला. २००३ मध्ये जी-५ आला, त्याची ओळ १२८ बाइटची. जुना प्रोग्रॅम ३२ बाइट पुसायला गेला असता, तर शेजारचे ९६ बाइटही साफ झाले असते. म्हणून जी-५ वर जुनी इन्स्ट्रक्शन ३२ बाइटच पुसेल अशी सोय ठेवावी लागली, आणि पूर्ण ओळीसाठी वेगळी इन्स्ट्रक्शन दिली. आजच्या ६४ बिटी आर्म प्रोसेसरांत अशीच इन्स्ट्रक्शन आहे, पण एका वेळी किती पुसते ते प्रोसेसरलाच विचारून घेता येतं.

आता एक साधा विचार तुमच्याही मनात आला असेल. प्रोसेसर कितीदा रिकामाच बसलेला असतो. तेव्हाच पानं पुसून का ठेवू नयेत? विंडोज एनटीने नेमकं हेच केलं. तिथे सगळ्यात खालच्या, म्हणजे शून्य प्राधान्याचा एक थ्रेड असतो. दुसरं कोणतंच काम नसलं की तो पानं पुसतो.

पण १९९९ मध्ये कॉर्ट डूगन, पॉल मॅकेरस आणि व्हिक्टर योडायकेन यांनी पॉवरपीसीवरच्या लिनक्सबद्दल एक शोधनिबंध सादर केला. त्यांनीही रिकाम्या वेळात पानं पुसून पाहिली, आणि यंत्र चक्क मंदावलं! फुकटच्या वेळात केलेलं काम महाग कसं पडलं? एखाद्या खानावळीचा ओटा डोळ्यांसमोर आणा. गिऱ्हाईक नाही म्हणून पोऱ्याने पन्नास ताटं घासली आणि ओट्यावरच रचून ठेवली. आचारी परत आला, तर त्याचं मीठ-मसाल्याचं सामान खाली ढकललेलं. कॅशचं हेच झालं होतं. पुसलेल्या पानांनी चालू प्रोग्रॅमचा कामाचा मजकूर बाहेर हुसकला होता. मग त्यांनी कॅशला वळसा घालून पुसलं, पुसलेल्या पानांची वेगळी यादी ठेवली, आणि तेव्हा कुठे फायदा दिसला.

म्हणजे प्रश्न कायमचा सुटला का? नाही. एएमडीच्या अॅथलॉन प्रोसेसरसाठी लिनक्समध्ये कॅशला वळसा घालणारं पुसण्याचं रूटीन आलं. नुसतं पुसणं घड्याळ लावून मोजलं, तर अशी रूटीनं जोरात पळतात. पण हात लावल्यावर पान देण्याच्या पद्धतीत प्रोग्रॅम ते पान पुढच्याच क्षणी वापरणार असतो. ते कॅशमध्ये नसलं, तर पुसताना वाचवलेला वेळ वापरताना जातो. फ्रीबीएसडीनेही रिकाम्या वेळात पुसण्याची पद्धत बरीच वर्षं ठेवली, आणि पुढे काढून टाकली.

इंटेलकडची गोष्ट तर गोल फिरून आलेली आहे. १९७८ च्या ८०८६ मध्ये 'रेप स्टॉस' होती: एक इन्स्ट्रक्शन, पूर्ण फेरी. मधल्या काळात हाताने लिहिलेले लूप तिच्याहून सरस ठरत. २०१२ च्या आयव्ही ब्रिजपासून इंटेलने ती पुन्हा वेगवान केली. आज लिनक्समध्ये ६४ बिटी इंटेलसाठी पुसण्याची तीन रूटीनं आहेत. यंत्र सुरू होताना प्रोसेसर ओळखून त्यांतलं एक बसवलं जातं. व्हॅक्सचा विचार पस्तीस वर्षांनी परत आला म्हणा ना.

सगळ्यात सुंदर सुधारणा २०१७ ची. मोठं पान २ एमबीचं असतं, म्हणजे ४ केबीची ५१२ छोटी पानं. पूर्वी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीने पुसत. प्रोग्रॅमला हवं असलेलं छोटं पान सुरुवातीला असलं, तर शेवटाला पोहोचेपर्यंत ते कॅशमधून गेलेलं असे. हुआंग यिंग यांनी क्रम बदलला: लांबची आधी, हवं असलेलं सगळ्यात शेवटी. घर सारवताना बाई लांबच्या कोपऱ्यापासून सुरू करते आणि दाराशी संपवते, तसं. एकही बाइट कमी पुसला नाही, फक्त क्रम बदलला.

आणि २०१९ मध्ये लिनक्सने दोन नवे पर्याय दिले: कर्नेलच्या स्वतःच्या वापरातली मेमरीसुद्धा देताना पुसायची, किंवा परत घेताना पुसायची. कर्नेलच्याच माहितीत त्यांची किंमत लिहिली आहे. देताना पुसलं तर बहुतेक कामांत १ टक्क्याहून कमी फरक, परत घेताना पुसलं तर ३ ते ५ टक्के. काम तेच, शून्यं तेवढीच. पण परत आलेली मेमरी कॅशमधून निघून गेलेली असते, आणि नुकतीच दिलेली लगेच वापरली जाणार असते.

तेव्हा या इतिहासातून मला दिसतं ते असं: किती वेगाने पुसलं, हा प्रश्न अर्धाच आहे. यानंतर पाटी कोणाच्या हातात जाणार आणि कधी, हा उरलेला अर्धा. जे फक्त पुसणं मोजत राहिले, ते फसले. आणि खर्च वाटतो म्हणून पुसणंच टाळलं, तर किंमत मोजतो तो पासवर्ड गेलेला माणूस, ज्याला या सगळ्याचा पत्ताही नसतो.

एक प्रश्न आला आहे: मेमरीची चिपच स्वतःला पुसून का घेत नाही? चांगला प्रश्न. २०१३ मध्ये 'रोक्लोन' नावाचं संशोधन याच दिशेने झालं. चिपमधली एक शून्यांची ओळ आतल्या आत दुसरीवर उतरवायची, प्रोसेसरपर्यंत काही आणायचंच नाही. कल्पना जोरदार आहे. पण कॅशमध्ये जुन्या मजकुराची प्रत शिल्लक असेल तर ती आधी रद्द करावी लागते. आणि पुसून झाल्यावर प्रोग्रॅम ते पान मागणारच, तेव्हा ते कॅशमध्ये आणावंच लागतं. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न: पुढे ते कोण वापरणार?

इथे थांबतो.