तोफेच्या टप्प्यातलं मैदान

सकाळी सव्वानऊची लोकल चर्चगेटला रिकामी होते, तेव्हा त्या गर्दीतली एक धार इरॉसच्या कोपऱ्यावरून वळून ओव्हल मैदानात शिरते. मैदानाच्या मधून एक पायवाट जाते. तिच्यावरून पाच-सात मिनिटं चाललं की आपण विद्यापीठ आणि हायकोर्टाच्या बाजूला निघतो. गेली चार वर्षं मी याच पायवाटेने ऑफिसला जातोय. डाव्या-उजव्या बाजूला नेटमध्ये पोरं बॅटिंग करत असतात, एखादे आजोबा हात मागे बांधून फेऱ्या मारत असतात, आणि कोणीतरी बॅग उशाशी घेऊन गवतावर चक्क झोपलेलं असतं.

मी सॉफ्टवेअरवाला. जुन्या सिस्टीममध्ये काहीच न करणारा मोठा कोरा भाग दिसला की मला पहिला प्रश्न पडतो, हा इथे कशासाठी आहे आणि आजवर कोणी काढून का नाही टाकला? ओव्हलबद्दल मला तोच प्रश्न पडला. देशातल्या सगळ्यात महागड्या जमिनींपैकी ही एक. खोल्यांच्या भाड्यापायी आम्ही दीड-दोन तास लोकलला लटकतो त्या शहरात, ऐन मोक्याच्या जागी, एवढं मोठं मैदान रिकामं कसं राहिलं?

मला वाटलं होतं, कोणा दूरदृष्टीच्या गव्हर्नरने लोकांना मोकळी हवा मिळावी म्हणून ते राखलं असेल. खरं उत्तर वेगळंच निघालं. हे मैदान तोफांसाठी रिकामं केलेलं होतं.

चिमाजी अप्पांची धास्ती

आपण ज्याला आज ‘फोर्ट’ म्हणतो, तिथे खरोखरच तटबंदी होती. गिरगावातली जुनी माणसं त्या भागाला ‘कोट’ म्हणायची. १८व्या शतकाच्या सुरुवातीला ईस्ट इंडिया कंपनीने हा तट बांधला. त्याला तीन मुख्य दरवाजे होते: अपोलो गेट, बझार गेट आणि चर्च गेट. आतल्या सेंट थॉमस चर्चकडे जाणारा दरवाजा म्हणून तो चर्च गेट. तो आजच्या फ्लोरा फाउंटनच्या जागी होता. म्हणजे आपण रोज ज्या स्टेशनवर उतरतो, ते दीडशे वर्षांपूर्वी पाडलेल्या एका दाराचं नाव लावून उभं आहे.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली आणि मुंबईतल्या इंग्रजांचे धाबे दणाणले. वसईनंतर मुंबईच, असं सगळ्यांनाच वाटत होतं. तटाभोवती खंदक खणायचं ठरलं आणि त्यासाठी मुंबईच्या व्यापाऱ्यांनी ३० हजार रुपये वर्गणी दिली. मराठे मुंबईवर आलेच नाहीत. पण ती भीती शहराच्या नकाशावर कायमची उमटली.

कारण नुसता तट आणि खंदक पुरेसा नसतो. तटावरच्या तोफांना समोरचं स्वच्छ दिसावं लागतं. शत्रूला आडोसा मिळेल असं झाड, घर, झोपडी समोर असून चालत नाही. म्हणून तटाबाहेरची नारळाची झाडं तोडली गेली, घरं हटवली गेली आणि नव्या बांधकामाला बंदी आली. तोफांचा पल्ला वाढत गेला तसा हा रिकामा पट्टाही वाढत गेला. १९व्या शतकाच्या सुरुवातीला तो तटापासून सुमारे १,००० यार्ड, म्हणजे जवळपास एक किलोमीटरपर्यंत पोचला. या पट्ट्याचं नाव एस्प्लनेड.

पट्टा वाढला तो माणसं हटवूनच. शिवाय १८०३ मध्ये कोटात मोठी आग लागली आणि त्यानंतर आतली पुष्कळशी देशी वस्ती बाहेर गेली. काळबादेवी, भुलेश्वर, गिरगाव हा भाग दाटत गेला. एका बाजूला तटाआडचं साहेबांचं आणि बड्या व्यापाऱ्यांचं शहर, दुसऱ्या बाजूला गजबजलेलं देशी शहर, आणि मधे हे रिकामं मैदान. आज आपल्याला जी मोकळी जागा वाटते, ती तेव्हा दोन शहरांमधलं अंतर होती.

रिकामी जागा रिकामी राहत नाही

बांधायला बंदी होती, वावरायला नव्हती. त्यामुळे लोकांनी ती जागा वापरायला सुरुवात केली. गुरं चरायला येऊ लागली, धोबी कपडे वाळत घालू लागले, संध्याकाळी लोक वारा खायला जमू लागले. उन्हाळ्यात तर कोटातले गोरे अधिकारी इथे तंबू ठोकून राहत. जागा सरकारची, पण तिचा वापर ठरवत होते येणारे-जाणारे.

सरकारला अर्थातच याचे पैसे हवे होते. १८३८ मध्ये चराईवर कर बसवला गेला आणि गरीब गुराख्यांची पंचाईत झाली. तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांनी २० हजार रुपये खर्चून ठाकुरद्वारजवळ समुद्राकाठची जमीन घेतली आणि ती गुरांना फुकट चरायला खुली केली, असं सांगितलं जातं. चर्नी रोड हे नाव त्या चरण्यावरून आलं अशी एक व्युत्पत्ती आहे. नाव कशावरूनही आलेलं असो, मोकळ्या जागेवर पैसे लावले की सगळ्यात आधी कोण बाहेर पडतं, हे या गोष्टीतून कळतं.

याच मैदानाची एक काळी बाजूही आहे. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी सय्यद हुसेन आणि मंगल गादिया या दोन शिपायांना एस्प्लनेडवर, लोकांच्या डोळ्यांदेखत, तोफेच्या तोंडी देण्यात आलं. उठावाचा कट पोलिसप्रमुख चार्ल्स फोर्जेटने उघडकीस आणला होता. मोकळी जागा सत्तेलाही हवी असते, कारण दहशत दाखवायला प्रेक्षक लागतात. त्या मैदानाचा एक भाग आज ‘आझाद मैदान’ आहे.

तट पडला, पैसा आला

१८६३ मध्ये गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचें वर्णन’ प्रसिद्ध झालं. एका शहराचं असं सविस्तर चरित्र मराठीत पहिल्यांदाच लिहिलं जात होतं. गंमत म्हणजे त्याच सुमारास त्या शहराची सगळ्यात ठळक खूण पुसली जात होती. गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात तट पाडायचा निर्णय झाला. आता हल्ला करणारं कोणी उरलं नव्हतं आणि तटाआड शहर गुदमरत होतं.

वेळही जुळून आली. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालू होती, तिथला कापूस इंग्लंडला पोचत नव्हता आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. तटाखालची जमीन मोकळी झाली, प्लॉट पडले, आणि सरकारने एस्प्लनेडच्या कडेने मोठ्या सार्वजनिक इमारतींची रांगच उभी करायला घेतली. १८७४ मध्ये सचिवालय आणि विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह झालं. १८७८ मध्ये हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर. टॉवरसाठी पैसे दिले कापसाच्या तेजीत गडगंज झालेल्या प्रेमचंद रायचंद यांनी, आणि त्याला नाव दिलं आपल्या आईचं. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा. हा वास्तुविशारद मुंबईत एकदाही आला नाही.

या सगळ्या इमारतींनी तोंड केलं पश्चिमेकडे, मैदानाकडे आणि पलीकडच्या समुद्राकडे. हे डिझाइनच्या दृष्टीने फार महत्त्वाचं. उंच मनोरा बघायला लांब उभं राहावं लागतं. अरुंद गल्लीत राजाबाई टॉवर असता, तर मान मोडून वर बघितल्यावर नुसता दगड दिसला असता. तोफांसाठी मोकळं ठेवलेलं अंतर आता नजरेसाठी उपयोगी पडलं.

अर्थात सगळं मैदान वाचलं नाही. या इमारती एस्प्लनेडच्याच जमिनीवर आल्या. पश्चिमेच्या कडेने रेल्वे गेली. मधून रस्ते गेले आणि एका सलग पट्ट्याचे चार तुकडे झाले: आझाद, क्रॉस, ओव्हल आणि कूपरेज.

४६० सह्या

या इतिहासातला माझा सगळ्यात आवडता भाग आता येतो.

पारशी पोरांनी क्रिकेट उचललं ते या मैदानावर. त्यांचा पहिला क्लब १८४८ चा. पुढे हिंदू आणि मुसलमान मुलंही खेळू लागली. ना क्लबहाऊस, ना कुंपण. जागा मिळेल तिथे स्टम्प ठोकायचे. १८७५ मध्ये मैदानाच्या एका कोपऱ्यात बॉम्बे जिमखाना उभा राहिला, फक्त गोऱ्यांसाठी. त्यांचं क्रिकेटचं ग्राउंड राखीव होतं, तिथे घोड्यांना मज्जाव. मग साहेबलोक पोलो कुठे खेळत? देशी मुलांच्या भागात. घोड्यांच्या टापांनी पिच उखडायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच खड्ड्यांतून उसळणारा बॉल पोरांनी खेळायचा.

१८८१ मध्ये देशी क्रिकेटपटूंनी गव्हर्नरला अर्ज केला. त्यावर ४६० जणांच्या सह्या होत्या. मागणी साधी होती. पोलो दुसरीकडे हलवा, आम्हाला आमची जागा द्या. त्यानंतर काही वर्षं अर्ज, निर्णय आणि फेरनिर्णय असा खेळ चालला. या लढ्याची सगळी हकिगत शापूरजी सोराबजी यांनी १८९७ च्या आपल्या पुस्तकात नोंदवून ठेवली. पुढे समुद्राकाठी पारशी, हिंदू आणि मुसलमान जिमखान्यांना स्वतंत्र जागा मिळाल्या. त्याने प्रश्न सुटला, पण प्रत्येक जमातीला आपापलं कुंपणही मिळालं.

काँग्रेसची स्थापना १८८५ ची. म्हणजे तिच्याही आधी मुंबईतली काही पोरं एका सार्वजनिक जागेवरच्या हक्कासाठी सह्या गोळा करत होती. हे मैदान कागदोपत्री ‘सार्वजनिक’ असेलही, पण ते खरोखर सार्वजनिक झालं ते अशा भांडणांतून.

एकाच वर्षातल्या दोन गोष्टी

१९३०च्या दशकात बॅकबेच्या भराव टाकलेल्या जमिनीवर ओव्हलच्या पश्चिमेला आर्ट डेको इमारतींची रांग उभी राहिली. गोलसर कोपरे, लांब बाल्कन्या, रंगीत पट्टे. १९३८ मध्ये इरॉस सुरू झालं. आता ओव्हलच्या मधोमध उभं राहिलं की पूर्वेला १९वं शतक आणि पश्चिमेला २०वं शतक समोरासमोर दिसतं. ३० जून २०१८ रोजी युनेस्कोने या दोन्ही रांगांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात ९४ इमारती आहेत. आपण बातमी वाचताना इमारतीच मोजतो. पण त्यांना एकत्र बांधणारी, त्या दोन्ही रांगा एका नजरेत आणणारी गोष्ट म्हणजे मधली मोकळी जागा.

त्याच वर्षी, त्याच्या तीन-साडेतीन महिने आधी, दुसरी एक गोष्ट घडली होती. नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत आलेले हजारो शेतकरी १२ मार्चला आझाद मैदानात पोचले. दहावीच्या परीक्षा चालू होत्या, मुलांना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीच चालून काढला. सोललेल्या तळपायांचे फोटो तुम्हीही बघितले असतील. ही माणसं एवढ्या मोठ्या संख्येने दुसरीकडे कुठे बसली असती? मॉलच्या पार्किंगमध्ये? जिथे १८५७ मध्ये माणसांना दहशतीसाठी उभं केलं होतं, तिथे २०१८ मध्ये माणसं स्वतःहून येऊन बसली आणि सरकारला बोलायला लावलं.

हाही वारसाच आहे. त्याला घुमट नाही, कमान नाही, म्हणून तो यादीत बसत नाही. १९९५ पासून मुंबईत वारसा-इमारतींसाठी नियमावली आहे आणि ती हवीच. पण दर्शनी भिंत जपली आणि समोरच्या मैदानात शिरायची मुभा गेली, तर अर्धंच वाचलं असं म्हणावं लागेल. ओव्हलचंच बघा. एके काळी त्याची दुर्दशा झाली होती. १९९०च्या दशकात रहिवाशांच्या संघटनेने कोर्टात धाव घेतली, मैदान सुधारलं, कुंपण आलं. त्यामुळेच आज मी निर्धास्त त्या पायवाटेने जातो. आणि त्याच कुंपणामुळे मैदानाला फाटक आणि वेळापत्रकही आलं. देखभाल आणि मोकळीक यांची ही ओढाताण कुठल्याही शहराला चुकत नाही. मला एवढंच कळतं, की फाटकाची वेळ ठरवताना तिथे झोपणाऱ्या माणसालाही कोणीतरी विचारलं पाहिजे.

मी राहतो त्या कॉम्प्लेक्समध्ये पोडियमवर एक गार्डन आहे. मंजूर नकाशात ती मोकळी जागा खेळासाठी दाखवली आहे. प्रत्यक्षात तिथे पाटी आहे: ‘बॉल खेळण्यास सक्त मनाई’. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा मुलगा शनिवारी त्यांच्याबरोबर येतो. एकदा तो तिथल्या पोरांत खेळायला गेला, तर वॉचमनने त्याला लिफ्टपाशी बसवून ठेवलं. वॉचमनचा दोष नाही, त्याला तशीच ऑर्डर आहे.

गेल्या महिन्यात आम्ही काही जणांनी सोसायटीला अर्ज दिला. संध्याकाळी दोन तास खेळायला परवानगी द्या आणि ‘बाहेरचा’ म्हणून कोणत्याही लहान मुलाला हाकलू नका. सह्यांसाठी पाच विंग फिरलो. कोणी दार उघडून हसलं, कोणी काचा फुटतील म्हणालं, एका काकूंनी आधी चहा पाजला आणि मग सही केली. ४६० नाही जमल्या. २३ झाल्या.

अजून उत्तर आलेलं नाही. पुढच्या रविवारी उरलेल्या दोन विंग करणार आहोत.