करंटचा शेक: दोन हजार वर्षांची गोष्ट



गेल्या वर्षी भातलावणी संपली आणि आमच्या बचत गटाच्या मासिक बैठकीत एक अर्ज आला. एका ताईंना नऊ हजारांचं अंतर्गत कर्ज हवं होतं. कशासाठी? तर कमरेला बांधायच्या विजेच्या पट्ट्यासाठी. आठवडी बाजारात विक्रेत्याने सांगितलं होतं, "महिनाभर बांधा, कंबर, गुडघे, मान, सगळं बरं होईल." आम्ही अर्ज मंजूर केला नाही, पण फेटाळलाही नाही. चिखलात वाकून वाकून जिची कंबर गेली, तिच्या दुखण्याला हसायचं कसं? आधी माहिती काढू, असं ठरलं. ती काढता काढता आम्ही थेट दोन हजार वर्षं मागे गेलो.

पहिल्या शतकात रोममध्ये स्क्रिबोनियस लार्गस नावाचा वैद्य होता. समुद्रात एक मासा असतो, हात लावला की विजेचा झटका देतो. पायाच्या सांधेदुखीवर या वैद्याने उपाय लिहून ठेवला: ओल्या किनाऱ्यावर जिवंत माशावर पाय ठेवून उभं राहा, गुडघ्यापर्यंत पाय बधिर होऊ द्या. वीज म्हणजे काय हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. दुखणं दबतं, एवढंच कळलं होतं.

मग इटलीत गॅल्व्हानीने पाहिलं की विजेने मेलेल्या बेडकाचाही पाय आखडतो. १७९१ साली त्याने ते प्रसिद्ध केलं. म्हणजे स्नायू हलतो तो विजेच्या इशाऱ्याने. फ्रान्समधल्या ड्युशेन या डॉक्टरने पुढचं पाऊल टाकलं. कातडीला सुई न टोचता, वरून ओलसर टोकं टेकवून एकेक स्नायू वेगळा हलवता येतो, हे त्याने दाखवलं. त्याचं पुस्तक १८५५ सालचं.

आणि नेमक्या त्याच शतकात युरोप-अमेरिकेत विजेच्या कमरपट्ट्यांचा धंदा जोरात चालला. अशक्तपणा, अपचन, संधिवात, सगळ्यांवर एकच पट्टा! हे वाचलं तेव्हा बैठकीत हशा पिकला. आपला बाजारातला विक्रेता काही नवीन नव्हता.

खरं कोडं सुटू लागलं ते १९६५ साली. मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडलं की पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत जणू एक दार असतं. कोपर आपटलं की आपण आपसूक चोळतो ना? चोळण्याची जाणीव त्या दारातून आत शिरते आणि दुखण्याची वाट अडते. १९६७ साली वॉल आणि स्वीट यांनी जुनाट वेदना असलेल्या आठ रुग्णांच्या नसांना सौम्य विजेचे ठोके दिले. चौघांना दोन मिनिटांच्या ठोक्यांनंतर अर्ध्या तासाहून जास्त आराम मिळाला. आज दवाखान्यात कातडीवर पॅड चिकटवून मुंग्या आणणारं जे टेन्स यंत्र असतं, त्याचं मूळ इथे आहे.

दुसरं यंत्र स्नायू जागवणारं. १९६१ साली अमेरिकेत लिबरसनने अर्धांगवायूच्या रुग्णांसाठी बुटाच्या टाचेत बटण बसवलं. टाच उचलली की नसेला करंट जाई आणि लोंबणारं पाऊल वर येई. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मांडीचा स्नायू सुकतो, त्यालाही असाच करंट देऊन कामाला लावतात. आपल्याकडे १९५०च्या दशकात मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं.

या सगळ्यातून आम्हाला काय कळलं? करंटने वेदना काही वेळ दबते, स्नायूला चालना मिळते. पण झिजलेला गुडघा भरून येत नाही, सरकलेला मणका जागेवर बसत नाही. टेन्सचा गुणही सगळ्यांना सारखा येत नाही. आराम मिळाला की त्या वेळात व्यायाम करायचा, खरी कमाई तिथे. हृदयात पेसमेकर असेल, पोटात बाळ असेल, फिट येत असतील, कर्करोग असेल किंवा पायात रक्ताची गाठ असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करंट लावायचा नाही. गळ्याच्या पुढच्या बाजूला आणि जखमेवर तर कधीच नाही.

आम्ही ताईंना पट्ट्याऐवजी तपासणी आणि येण्याजाण्यासाठी कर्ज दिलं. फिजिओथेरपिस्टने करंटही दिला आणि व्यायामही शिकवला. कंबर पूर्ण बरी झाली असं त्या म्हणत नाहीत. "रात्री झोप लागते," एवढं म्हणतात. यंदा लावणीत आम्ही सगळ्यांनी ठरवलं, तासाभराने बांधावर येऊन कंबर सरळ करायची. मुकादम कुरकुरला. आम्ही ऐकलं नाही.

मैत्रिणींनो, दुखणं सोसणं हा बाईचा गुण नाही. पण दुखण्याच्या नावाखाली आपली बचत कुणी नेऊ नये, हेही आपणच बघायचं. पट्टा घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: "हे यंत्र माझ्या कोणत्या दुखण्यावर, आणि किती वेळ चालतं?" उत्तरात 'सगळं बरं होईल' आलं, तर पिशवी उचलून घरी या.