उकिडवं बसणारा पाय

माझा भाचा कॉमिक्सवेडा, त्यातही यंत्राच्या हातापायांची माणसं हा त्याचा लाडका विषय. शोतारो इशिनोमोरींनी १९६४ मध्ये जपानमध्ये सुरू केलेलं ‘सायबॉर्ग ००९’ त्याला तोंडपाठ आहे. शस्त्रांचे व्यापारी नऊ जणांना पळवून नेतात आणि त्यांच्या शरीरात यंत्रं बसवतात, अशी ती गोष्ट. मी कृत्रिम पाय बनवणारा. मी त्याला विचारतो, “झकास आहे रे, पण यातला एक तरी हिरो उकिडवा बसतो का?”

आमचा धंदा बरीच वर्षं इथेच अडला होता. पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. पण पुढे आलेलं ‘सॅच’ पाऊल विलायती घडणीचं. आत कडक गाभा, टाचेला मऊ रबर. त्याला बूट हवाच आणि घोटा वाकायचा नाही. शेतातला चिखल, देवळात अनवाणी जाणं, जेवायला मांडी. आणि सकाळचं तर विचारूच नका! लोक पाय घरी नेत, कोपऱ्यात ठेवत आणि पुन्हा कुबडी धरत. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयातले अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या हे लक्षात आलं.

तोड काढली ती तिथल्याच कारागिराने. रामचंद्र शर्मा शाळा फारशी शिकलेले नव्हते, पण हात मुरलेला. टायरवर रबर चढवणाऱ्यांचं तंत्र त्यांनी पावलाला लावलं. टाचेला आणि चवड्याला स्पंज रबर, घोट्याजवळ लाकडाचा ठोकळा, त्याभोवती टायरमधल्या दोऱ्याचे थर आणि वरून कातडीच्या रंगाचं रबर. हे सगळं साच्यात आवळून भाजायचं. बाहेर येतं ते बोटांसकट पाऊल, सगळीकडून लवणारं, पाण्यातही चालणारं. साल १९६८. हाच ‘जयपूर फूट’. पावलावरची नळी तेव्हा ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून करत. पुढे एचडीपीई प्लास्टिकचा पाइप तापवून प्लास्टरच्या साच्यावर ओढायची पद्धत आली.

१९८१ मध्ये एका अपघातानंतर पाय गमावलेल्या मुंबईच्या सुधा चंद्रन याच पायावर पुन्हा भरतनाट्यम नाचल्या. सेठींना त्याच साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पेटंट घेतलं नाही, म्हणून हा पाय जगभर कुणालाही बनवता आला. सेठींचा मान योग्यच. पण जयपूर फूटचा इतिहास सांगताना पहिलं नाव रामचंद्र शर्मांचं घ्यायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.