क्षेत्ररचनेचा पेच

जबलपूरच्या एखाद्या मैदानावर चेंडूफळी खेळणाऱ्या पोरांनाही एक गोष्ट पुरती ठाऊक असते. ज्या गड्याचा फटका नेहमी एकाच दिशेस जातो, त्याच्यासाठी त्या दिशेस एक गडी अधिक उभा करावयाचा. क्षेत्ररचना म्हणजे फलंदाजाच्या सवयीविषयी बांधलेला अंदाजच होय. तो अचूक ठरू लागला म्हणजे फलंदाजाने सवय मोडावी, की नियमाने त्याला अभय द्यावे, हा वाद जुना आहे.

डग्लस जार्डिन यांचा जन्म १९०० साली मुंबईस झाला. १९३२-३३ च्या ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात इंग्लंडचे कर्णधार या नात्याने त्यांनी लेगच्या बाजूस क्षेत्ररक्षकांचे कडे उभारले आणि लारवुड यांच्याकडून फलंदाजाच्या अंगावर आखूड चेंडू टाकविले. ब्रॅडमन यांनी बाजूस सरकून मोकळ्या ऑफकडे चेंडू तडकाविण्याचा मार्ग शोधला. तरीही त्यांची सरासरी ५६.५७ वर उतरली. पुढे १९५७ साली लेगच्या बाजूस फलंदाजाच्या मागे दोनच क्षेत्ररक्षक ठेवण्याचा निर्बंध आला.

अमेरिकेच्या बेसबॉलमध्येही हाच पेच पडला. १४ जुलै १९४६ रोजी बोस्टनच्या टेड विल्यम्स यांनी क्लीव्हलँडविरुद्ध तीन होमरन मारले. त्याच दिवशीच्या दुसऱ्या सामन्यात क्लीव्हलँडचे लू बूड्रो यांनी बहुतेक सारे क्षेत्ररक्षक उजवीकडे नेले. विल्यम्स यांनी आपला स्वाभाविक फटका सहसा सोडला नाही. तथापि १३ सप्टेंबरला त्यांनी मोकळ्या डावीकडे चेंडू मारला, मैदानातल्या मैदानात होमरन पुरा केला आणि १-० अशा त्या विजयाने संघाचे लीगचे विजेतेपद निश्चित केले. २०२३ पासून मात्र दुसऱ्या तळाच्या दोन्ही बाजूंस दोन-दोन आतले क्षेत्ररक्षक असलेच पाहिजेत, असा नियम तेथील प्रमुख लीगने केला.

हे दोन्ही निर्बंध वरवर सारखे दिसतात. परंतु त्यांत भेद आहे. जार्डिन यांच्या डावात फलंदाजाचे शरीर पणास लागले होते. बूड्रो यांच्या डावात केवळ त्याची सवय. मुंबईचे एकनाथ सोलकर शिरस्त्राणावाचून फलंदाजाच्या अगदी पुढ्यात उभे राहत. १९७१ साली ओव्हलवर त्यांनी नॉट यांचा झेल टिपला. २७ कसोटी सामन्यांत त्यांचे ५३ झेल झाले. तेथे धोका पत्करला होता तो क्षेत्ररक्षकाने.

देहाचे रक्षण करणे हे नियमाचे कर्तव्यच आहे. सवयीचे रक्षण मात्र ज्याचे त्यानेच करावे. कारण मोकळी जागा समोर दिसत असता तिचा उपयोग करणे, हीच फलंदाजाची खरी विद्या होय.