थंडीपुढे इंजिन का हतबल होते? हँडलपासून विंटर डिझेलपर्यंत #थ्रेड

१/ डिसेंबरच्या पहाटे सटाण्याच्या शिवारात पारा एक आकडी उतरला की जुने डिझेल इंजिन पहिल्या प्रयत्नात सुरू होत नाही. बागलाणात ही अडचण काही मिनिटांची. मॉस्कोच्या वेशीवर मात्र ती एका सैन्याच्या जिवावर बेतली. 🧵

२/ थंडी तीन ठिकाणी घाव घालते. वंगणतेल घट्ट होते, त्यामुळे इंजिन फिरवणे जड जाते. बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते. उणे १८ अंशांना तिची ताकद जवळपास निम्म्यावर येते. शिवाय डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेटते. मुळात हवाच गार असेल तर ती उष्णता अपुरी पडते.

३/ आरंभीच्या मोटारी हँडल मारून सुरू होत. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगटाजवळचे हाड मोडे. वैद्यकशास्त्रात या दुखापतीला आजही ‘शोफर फ्रॅक्चर’ म्हणतात. चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत आला.

४/ महाराष्ट्राच्या शेतांत मात्र हँडल दीर्घकाळ टिकले. १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. विहिरीवरच्या हँडलच्या इंजिनाची रीत ठरलेली: लिव्हर उचलून सिलिंडरमधला दाब सोडायचा, हँडल मारून जड चाकाला वेग द्यायचा, मग लिव्हर सोडायचा. चाकाच्या वेगानेच हवा दाबली जाई आणि इंजिन पेट घेई.

५/ १९४१ च्या हिवाळ्यात मॉस्कोसमोर जर्मन वाहने गोठली. इंजिनांखाली शेकोट्या पेटवाव्या लागल्या. सोव्हिएत टी-३४ रणगाड्यात मात्र बॅटरी हरली तरी इंजिन फिरवण्यासाठी दाबयुक्त हवेच्या टाक्या होत्या. म्हणून ‘थंडीने जर्मनांना हरवले’ हे अर्धसत्य ठरते. थंडी दोन्ही बाजूंना सारखीच होती; फरक तयारीचा होता.

६/ लडाखमध्ये अडचण इंधनाचीच. कडाक्याच्या थंडीत साध्या डिझेलमधले मेण गोठते आणि फिल्टर तुंबतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने तेथे खास विंटर डिझेल आणले. पानिपतच्या रिफायनरीत तयार झालेले हे डिझेल उणे ३३ अंशांनाही प्रवाही राहते.

७/ हा सारा इतिहास सटाण्यातल्या ट्रॅक्टरच्या ऑइलच्या डब्यावरही एका अक्षरात नोंदलेला आहे. ‘१५डब्ल्यू-४०’ मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, अर्थात हिवाळा. त्याआधीचा आकडा जितका लहान, तितके ते तेल थंडीत अधिक पातळ राहते.