बक्षीस म्हणजे लाच नव्हे

कोकेन, मेथाम्फेटामाइन आणि आपल्याकडे ‘एमडी’ म्हणून विकले जाणारे मेफेड्रोन ही सारी उत्तेजक द्रव्ये. त्यांच्या व्यसनाविषयी एक मत डॉक्टरांपासून पालकांपर्यंत रूढ आहे. तो पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडायचा तर असा: गर्द आणि अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर मेथाडोन आहे, ब्युप्रेनॉर्फिन आहे; उत्तेजकांवर मान्यताप्राप्त औषध एकही नाही. म्हणजे खरा उपचार अजून यायचा आहे. तोवर समुपदेशन करावे आणि बाकीचे रुग्णाच्या मनोनिग्रहावर सोडावे. लघवीची तपासणी निगेटिव्ह आली की रुग्णाला बक्षीस द्यायची अमेरिकेतली पद्धत, जिला ‘कंटिन्जन्सी मॅनेजमेंट’ म्हणतात, ती तर निव्वळ लाच. शिवाय मिळालेल्या पैशांतून पुडीच येणार आणि बक्षीस थांबले की नशा पुन्हा सुरू होणार.

असे म्हणणाऱ्यांपैकी अनेकांनी व्यसनी माणसांसाठी आयुष्य वेचले आहे. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. त्यांच्या निष्कर्षाविषयी आहे.

पहिला मुद्दा औषधाचा. मान्यताप्राप्त औषध नाही, हे मान्य. पण त्यावरून उपचारच नाही, हे कसे सिद्ध होते? औषधांच्या बाजूचा एक भक्कम पुरावा 2021 साली प्रसिद्ध झाला. मेथाम्फेटामाइनच्या 403 रुग्णांवरील या चाचणीत नॅल्ट्रेक्सोनचे इंजेक्शन आणि ब्युप्रोपिऑनची गोळी एकत्र दिली गेली. प्रतिसाद मिळाला 13.6 टक्के, औषधाविना तो 2.5 टक्के होता. हा फरक खरा आहे आणि मोलाचाही आहे. ज्याला या औषधांचा उपयोग होईल, त्याला डॉक्टरांनी ती जरूर द्यावीत. पण उरलेल्या 86 टक्के लोकांनी काय करायचे? पुढच्या औषधाची वाट पाहत बसायचे? व्यसन थांबत नाही.

आता बक्षिसाचा पुरावा पाहा. व्हरमाँट विद्यापीठाचे स्टीफन हिगिन्स यांनी कोकेनच्या 40 रुग्णांचे दोन गट केले आणि 1994 मध्ये निष्कर्ष मांडले. समुपदेशन दोन्ही गटांना सारखेच होते. पहिल्या गटाला त्याखेरीज व्हाउचर मिळत. या गटातले 75 टक्के रुग्ण 24 आठवडे टिकले, तर दुसऱ्या गटातले 40 टक्के. सलग नशामुक्त राहण्याचा काळ पहिल्यात सरासरी 11.7 आठवडे, दुसऱ्यात 6. समुपदेशन समान असताना हा फरक कशाने पडला? उत्तर एकच निघते. हा एका प्रयोगाचा योगायोगही नव्हे. 2018 च्या एका आढाव्यात 50 चाचण्या आणि जवळपास सात हजार रुग्ण तपासले गेले. बारा मानसोपचार पद्धतींच्या तुलनेत, समाजजीवनाची घडी बसवणाऱ्या समुपदेशनाला बक्षिसाची जोड देणारी पद्धत सर्वांत प्रभावी ठरली.

तरीही ही लाचच, असे कोणी म्हणेल. पद्धत जवळून पाहू. हिगिन्स यांच्या योजनेत आठवड्यातून तीनदा लघवी तपासली जाई. कोकेनची धुंदी काही मिनिटांत उतरते, पण त्याचे अवशेष लघवीत दोन-तीन दिवस राहतात. इतक्या वारंवार तपासले तर नशा लपवणे अवघड. पहिल्या निगेटिव्ह तपासणीला अडीच डॉलर. पुढच्या प्रत्येक सलग निगेटिव्हला सव्वा डॉलर वाढ. एकदा पॉझिटिव्ह आली की रक्कम पुन्हा अडीचवर. लाच गैरकृत्यासाठी आणि चोरून दिली जाते. इथे नियम आधी सांगितलेले, मोबदला संयमाचा आणि मोजणी उघड. उत्तेजक द्रव्य मेंदूला तत्क्षणी सुख देते. नोकरी, संसार, प्रकृती ही सुखे महिन्यांनी यायची असतात. व्यसनात दूरच्या सुखाचे पारडे हलके पडते. म्हणून संयमाचे फळही त्याच दिवशी हातात पडले पाहिजे. यात अनीती कुठे आली?

पैशांतून पुडी येईल, हा आक्षेपही टिकत नाही. हिगिन्स यांच्या योजनेत रोख रक्कम हाती दिलीच जात नसे. रुग्ण वस्तू सांगे आणि केंद्राचे कर्मचारी ती विकत आणत.

राहिला शेवटचा मुद्दा: बक्षीस थांबले की परिणाम संपतो. काही अंशी खरे आहे. पण 23 चाचण्यांच्या 2021 मधील आढाव्यात, बक्षीस बंद झाल्यानंतर सुमारे सहा महिन्यांनीही थोडा का होईना, फायदा टिकलेला दिसला. आणि रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर दाब चढला, तर आपण गोळीला निरुपयोगी ठरवतो का? एका उपचाराला जो न्याय, तोच दुसऱ्याला हवा.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांनी 2011 पासून ही पद्धत स्वीकारली. कॅलिफोर्नियाने 2023 पासून गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनेत ती आणली, वर्षाला कमाल 599 डॉलरच्या मर्यादेत.

महाराष्ट्रातील व्यसनमुक्तीचे काम दारू आणि गर्द यांच्याशी झुंजत उभे राहिले. पुण्याचे मुक्तांगण 1986 साली गर्दच्याच संकटातून जन्मले. मेफेड्रोनवर फेब्रुवारी 2015 मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याची बंदी आली. कायदा बदलला, उपचाराची दृष्टी बदलायची आहे. मेफेड्रोनच्या रुग्णांवर ही पद्धत इथेच, आपल्या केंद्रांत, शिस्तीने तपासून पाहावी.

दोन्ही बाजू वाचकांसमोर आहेत. औषधाचा शोध चालू राहू द्या, समुपदेशनही राहू द्या. पण सर्वांत भक्कम पुरावा ज्याच्या बाजूने आहे, तो उपचार केवळ नैतिक संकोचापोटी नाकारणे हा रुग्णावरचा अन्याय आहे. तो थांबवला पाहिजे.