पुस्तकाची इयत्ता

‘इयत्ता’ हा शब्द मराठी घरांतून दररोज उच्चारला जातो. परंतु त्याच्या मूळ अर्थाकडे क्वचितच कोणाचें लक्ष जातें. संस्कृतांत ‘इयत्’ म्हणजे ‘इतकें’. त्यावरून ‘इयत्ता’ म्हणजे इतकेपणा, माप. शाळेंतील वर्गास हें नांव मिळालें, तेव्हांच एक प्रश्न त्या शब्दांत येऊन बसला. हें माप कोणाचें? मुलाचें कीं पुस्तकाचें? आणि पुस्तकाचें असेल, तर तें घ्यावयाचें कशानें?

जुन्या पंतोजींच्या शाळेंत हा प्रश्नच नव्हता, कारण मुलांच्या हातीं छापील पुस्तकच नव्हतें. मुलगा धूळपाटीवर अक्षरें गिरवी, बाराखडी व उजळणी घोकी, जोडाक्षरें शिके आणि अखेरीस मोडी कागद वाचूं लागे. खत, पावती, जमाखर्च हें ज्याला वाचतां आलें, तो शिकला. माप व्यवहाराचें होतें. त्या मोडी लेखनांत शब्द एकमेकांस लागून येत आणि विरामचिन्हें नसत. वाक्य कोठें संपलें, हें वाचणारानें अर्थावरून ओळखावयाचें.

छापखाना आला आणि स्थिति पालटली. या पालटाचा एक धागा दक्षिण कोंकणांत जातो. कुणकेश्वराचें समुद्रकांठचें पुरातन शिवालय ज्या देवगड तालुक्यांत आहे, त्याच तालुक्यांतील पोंभुर्ले हें बाळशास्त्री जांभेकर यांचें जन्मगांव. १८३२ सालीं ‘दर्पण’ पत्र काढणाऱ्या या विद्वानानें मुलांकरितांही पुस्तकें लिहिलीं, आणि १८४५ सालीं मुंबईंत शिक्षक तयार करण्याचा वर्ग त्यांच्या हातीं देण्यांत आला. पुढल्याच वर्षीं त्यांचें निधन झालें.

सबंध शाळाखात्यासाठीं चढत्या पायरीचीं पुस्तकें तयार करण्याचें काम मेजर थॉमस कँडी यांच्या देखरेखीखालीं झालें. मोल्सवर्थ यांच्या कोशकार्यांतील हे सहकारी. १८५५ सालीं शिक्षणखातें स्थापन झाल्यावर त्यांची क्रमिक पुस्तकमाला गांवोगांव पोंचली. तेव्हांपासून मुलगा ‘दुसऱ्या पुस्तकांत’ आहे कीं ‘तिसऱ्या पुस्तकांत’ आहे, असें लोक बोलूं लागले. पुस्तकाचा क्रमांक हीच मुलाची इयत्ता झाली. दिपोटीसाहेब तपासणीस आले म्हणजे त्याच पुस्तकाचें पान वाचावयास लावीत. मराठींत पूर्णविराम व स्वल्पविराम रूढ करण्याचें श्रेयही कँडी यांसच दिलें जातें. ही गोष्ट लहान नव्हे. पूर्णविराम नसेल, तर वाक्याची लांबी मोजणार कशी?

हें मोजण्याचें शास्त्र पुढें अमेरिकेंत वाढलें. १९२१ सालीं थॉर्नडाइक यांनीं इंग्रजी वाचनांत वारंवार येणाऱ्या १०,००० शब्दांची यादी शिक्षकांच्या हातीं दिली. विनेटका गांवच्या शाळांचे प्रमुख वॉशबर्न आणि त्यांच्या सहकारी मेबल व्होगेल यांनीं निराळी वाट धरली. मुलांनीं स्वतः वाचलेलीं व त्यांना आवडलेलीं सुमारें ७०० पुस्तकें त्यांनीं निवडलीं, तीं वाचणाऱ्या मुलांची वाचनशक्ति पाहिली, आणि १९२८ सालीं त्यावरून पुस्तकाची इयत्ता काढण्याचें सूत्र बसविलें. १९४८ सालीं रुडॉल्फ फ्लेश यांनीं वाक्यांतील शब्द आणि शब्दांतील अवयव मोजण्याची सोपी रीत प्रसिद्ध केली. १९७५ सालीं अमेरिकन आरमाराच्या माहितीपुस्तकांसाठीं किंकेड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याच रीतीस इयत्तेचें रूप दिलें. विनेटकाचें माप मुलापासून निघालें होतें. पुढें पुढें मूल बाजूस राहिलें आणि केवळ पानावरची मोजदाद उरली.

ही मोजदाद मराठीस जशीच्या तशी लावणें धोक्याचें आहे. ‘घरासमोरच्या’ हा मराठींत एक शब्द. इंग्रजींत त्यासाठीं चार-पांच शब्द लागतील. मराठी शब्द प्रत्ययांनीं लांबतो, पण लांबला म्हणून अवघड होत नाहीं. ‘घरासमोरच्या’ हें पहिलींतल्या मुलासही समजतें. ‘ऋण’ हा दोन अक्षरांचा शब्द मात्र त्यास अडवितो. जोडाक्षरांचा भार, अनोळखी संस्कृत शब्द आणि कर्त्यापासून दूर गेलेलें क्रियापद, हीं मराठींतील खरीं ओझीं होत. लांबी मोजून तीं सांपडत नाहींत.

याहून मोठें ओझें पानावर दिसतच नाहीं. कुणकेश्वराच्या परिसरांत घरांतली बोली मालवणी. तेथें ‘मला’ याला ‘माका’, ‘कुठें’ याला ‘खय’ आणि ‘मुलगा’ याला ‘झील’ म्हणतात. पुण्यांतील मुलाला जें वाक्य बोलण्यासारखें सोपें, तें या किनाऱ्यावरील मुलाला आधीं ओळखून घ्यावें लागतें, मग वाचावें लागतें. उलट रापण ओढण्याचें वर्णन पुस्तकांत आलें, तर तें मूल तेथें धांवत जाईल आणि शहरांतील मूल अडखळेल. पान एकच, इयत्ता मात्र दोन.

जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर आयोगापुढें दिलेल्या निवेदनांत प्राथमिक शाळेंत मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब आणि शेतीचें ज्ञान यांची मागणी केली होती. शिक्षणाचें माप शिकणाराच्या जीवनावरून घ्यावें, हेंच त्या मागणीचें सार होतें.

२००५ सालापासून ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणींत खेड्यांतील मुलांपुढें त्यांच्या घरीं जाऊन एक कागद ठेवला जातो: अक्षरें, शब्द, पहिलीचा परिच्छेद आणि दुसरीची गोष्ट. २०२२ सालीं देशांतील ग्रामीण भागांत तिसरीच्या मुलांपैकीं केवळ २०.५ टक्के मुलांना दुसरीची गोष्ट वाचतां आली. हा आंकडा चिंतेचा आहे, आणि त्याचा दोष एकट्या पुस्तकावर टाकतां येणार नाहीं. वर्ग, शिक्षक, घरची स्थिति आणि त्याआधींचा शाळाबंदीचा काळ, सर्वांचा त्यांत वांटा आहे. तरी मूल अडखळलें कीं ‘हें मागें आहे’ असें म्हणण्याची जी घाई होते, ती जुनीच आहे. मूल मागें आहे, कीं पुस्तक त्याला सोडून पुढें गेलें आहे, हें आधीं पाहिलें पाहिजे. त्यासाठीं पान मोजून भागत नाहीं. मुलाशेजारीं बसून तें त्याच्याकडून वाचून घ्यावें लागतें.